कुंभार्लीच्या चढावर

"दादा, गाडीला दम लागतोय रे."

धाकट्या भावाचे हे वाक्य ऐकून मला राग आला होता आणि तो राग घाट संपल्यावरही बराच वेळ टिकला. चिपळूणचे लग्न आटोपून आम्ही कराडला परतत होतो. दोन वर्षांनी मस्कतहून आलेल्या भावाने हौसेने किल्ली मागून घेतली होती. मी त्याच्या शेजारी होतो, मागे आई, माझी पत्नी आणि आहेराची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली मुलगी. पोफळी मागे पडली, कुंभार्लीची वळणे सुरू झाली आणि एका लांब चढावर जांभ्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक पुढे आला. रस्ता मोकळा दिसताच भावाने तिसऱ्या गिअरमध्ये पाय खाली दाबला. इंजिनाचा सूर जड झाला, पण काटा जागचा हलला नाही. आम्ही ट्रकच्या मागच्या चाकापर्यंत पोहोचलो आणि तिथेच राहिलो. एवढ्यात वरच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. भावाने काही न बोलता गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली, दुसरा गिअर टाकला आणि मग हलक्या आवाजात, जवळजवळ काळजीने, ते वाक्य म्हणाला.

मी त्याला फटकारलेच. गाडीत पाच माणसे आहेत, डिकीत सामान आहे, एसी चालू आहे, गाडी २०१० सालची आहे, आणि मस्कतच्या रस्त्यांवर मोठी इंजिने चालवून तुझा पाय बिघडला आहे, असे सगळे एका दमात ऐकवले. तो म्हणाला, "तसं नाही दादा, मी हीच गाडी इथेच चालवलीय ना." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर पाहत बसलो. पाऊस नुकताच सरला होता, कातळावरून अजून बारीक धारा ओघळत होत्या आणि ट्रकच्या ब्रेकचा जळका वास ओल्या हवेत तरंगत होता. आमच्याही गाडीतून मागे काळा धूर सुटत होता, हे मला त्या दिवशी आरशात दिसले. दिसले, पण मी ते कोणाला सांगितले नाही.

राग भावाचा नव्हता, हे मला घरी पोहोचल्यावर कळू लागले. ही गाडी घेतली तेव्हा अण्णा, आमचे वडील, होते. पहिल्याच महिन्यात आम्ही त्यांना कुलदैवताला गुहागरकडे घेऊन गेलो होतो आणि परतताना ते पुढच्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी ताठ बसले होते. अण्णांचे तारुण्य ज्या गाड्यांमध्ये गेले त्या गाड्या घाटात उकळायच्या. बॉनेट उघडून पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करायच्या, क्लीनरने चालत्या ट्रकच्या बाजूने धावत चाकाखाली उटी सरकवायची, चढावर दुसऱ्याच्या पुढे जायचा विचार मनातही आणायचा नाही, हे त्यांचे घाटाचे ज्ञान होते. त्या दिवशी आमची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, पायाखाली अजून बरेच काही शिल्लक ठेवून, वळणामागून वळण चढत गेली. मिनिटाला साधारण दोन हजार फेऱ्यांच्या पुढे इंजिन गेले की एक बारीक शीळ ऐकू यायची आणि पाठ सीटला टेकायची. हेळवाकला पोहोचल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, "घाट आहे असं वाटलंच नाही." पुढची कितीतरी वर्षे ते हे वाक्य पाहुण्यांना सांगत असत, जणू त्या प्रवासात त्यांचे काही जुने देणे फिटले होते. त्याच घाटात, त्याच गाडीविषयी, त्यांच्याच धाकट्या मुलाने नेमके उलटे सांगावे, हे मला सोसले नव्हते.

भाऊ परत गेला. वाक्य राहिले.

मग मी स्वतःच्या पायाकडे लक्ष देऊ लागलो आणि जे दिसले त्याने मी अस्वस्थ झालो. गेल्या वर्ष-दीड वर्षात मी नकळत माझी चालवण्याची सगळी पद्धत बदलून टाकली होती. महामार्गावर शिरताना मी आधीपेक्षा लांबची मोकळी जागा शोधत होतो. दुपदरी रस्त्यावर मागे टाकणे मी जवळजवळ सोडून दिले होते आणि आता वय झाले, घाई कशाला, असे त्याचे समर्थनही करत होतो. चढ दिसताच, गाडीने मागण्याआधीच, गिअर खाली आणत होतो. लिटरला अठरा किलोमीटर जाणारी गाडी चौदावर आली होती आणि त्याचे खापर मी महामार्गाच्या सहापदरीकरणावर, डायव्हर्जनवर आणि धुळीवर फोडले होते. एका दिवसात ताकद गेली असती तर मी दुसऱ्या दिवशी गॅरेजात उभा असतो. ती रोज चिमूटभर गेली आणि रोज चिमूटभर माझा पाय खाली गेला. तिच्यात काय बदलले आहे हे मला सांगता येत नव्हते, कारण मी तिच्याबरोबरच बदललो होतो. भाऊ मात्र दोन वर्षांपूर्वीचा पाय घेऊन आला होता.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. दाब, घनता, प्रवाह हे शब्द फळ्यावर लिहिण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. तरीही आमच्या डिझेल गाडीतल्या टर्बोचे काम मला आजही एखाद्या सुरेख युक्तीसारखे वाटते. डिझेल कितीही ओतले तरी ते जाळायला हवा लागते, आणि साधे इंजिन ती हवा स्वतःच्या छातीने ओढते. बाहेर वातावरणाचा जेवढा दाब, तेवढीच आत येणार. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर वाटेत एका लहान चक्राला फिरवतो, त्याच चक्राच्या दांड्यावर पलीकडे दुसरे चक्र असते आणि ते ताजी हवा दाबून इंजिनात भरते. लहान गाड्यांमध्ये तो दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेतो, आणि त्याला आधार काय, तर तेलाचा पातळ थर. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून तिला इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून पुढे पाठवतात. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन या वाटेवर रबराचे जाड होज, म्हणजे नळ्या, असतात. त्या साध्या, काळ्या, कोणाचेही लक्ष न जाणाऱ्या होजकडे माझेही लक्ष गेले नव्हते.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने ही कल्पना मांडून तिचे पेटंट घेतले ते १९०५ साली. इंधनातल्या उष्णतेचा केवढा तरी भाग धुराबरोबर फुकट जातो, ही त्याची टोचणी होती. मला त्याहून जवळची वाटते ती १९१८ सालची गोष्ट, कारण ती घाटाची आहे. विमाने उंच गेली की विरळ हवेत त्यांची इंजिने ढिली पडत. सॅनफर्ड मॉस नावाच्या अभियंत्याने लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन एका ट्रकवर बांधले आणि ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. सपाटीला साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर टर्बोशिवाय सुमारे २३० वर आले, आणि टर्बो जोडताच पुन्हा साडेतीनशेच्या थोडे पुढे गेले. थंडीत, त्या उंचीवर, काट्याकडे डोळे लावून उभ्या राहिलेल्या त्या माणसांचा विचार मी अनेकदा करतो. डोंगर चढून आल्याचे इंजिनाला कळूच नये, यासाठी एवढा खटाटोप. अण्णा हेळवाकला वेगळे काय म्हणाले होते?

कुंभार्लीच्या पायथ्याशी तर याच युक्तीची थोरली बहीण नांदते. शाळेच्या सहलीत आम्हाला पोफळीचे वीजघर दाखवले होते. सह्याद्रीच्या पोटातला तो बोगदा, ओल्या सिमेंटचा वास, पायाखालच्या फरशीतून अंगात शिरणारी एकसारखी थरथर. कोयनेचे पाणी डोंगर उतरून येते आणि चक्राच्या कडेला बसवलेल्या पळ्यांसारख्या वाट्यांवर आदळून ते फिरवते, असे तिथल्या साहेबांनी समजावले होते. वाटेत कुठे पाणी झिरपले तर, असे मी विचारले. "चक्रापर्यंत पोहोचायच्या आधी जे गेलं ते गेलं," असे ते म्हणाले होते. हे उत्तर मला चाळीस वर्षांनी आठवले, तेही गॅरेजात साबणाच्या पाण्याकडे पाहताना. पण त्याआधी बरेच काही घडले.

पहिल्या गॅरेजमध्ये तरुण मुलाने स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नव्हता. त्याने न्यूट्रलमध्ये रेस दिली, इंजिन चटकन उचलले, आवाज स्वच्छ होता. "सर, गाडी टकाटक आहे," तो म्हणाला. मी घाटाचे सांगितले तेव्हा त्याने थोडा विचार करून निकाल दिला की टर्बो गेला असणार, पंधरा वर्षांच्या गाडीचा तो जातोच, चाळीस हजार धरून चाला. त्याचा स्वर प्रामाणिक होता, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. त्याला फसवायचे नव्हते. त्याच्याजवळ लक्षण एकच होते आणि त्या लक्षणाला त्याला ठाऊक असलेले नावही एकच होते. त्याच महिन्यात पीयूसीही झाली होती आणि गाडी बिनतक्रार पास झाली होती. डिझेल गाडीची ती तपासणी उभ्या गाडीत रेस देऊन होते. चाकांवर भार नसतो, त्यामुळे इंजिनाला फारसे डिझेल लागत नाही, फारसा धूर निघत नाही आणि टर्बोही धड जागा होत नाही. घाटात काळा धूर सोडणाऱ्या माझ्या गाडीचे प्रमाणपत्र माझ्या खिशात होते आणि ते खोटेही नव्हते.

चाळीस हजारांचा आकडा ऐकून घरी आलो तेव्हा पत्नी म्हणाली की आता विकून टाकू. तिचे म्हणणे चूक नव्हते. पण ज्या गाडीत अण्णांना शेवटचे दवाखान्यात नेले ती गाडी "पिकअप नाही" म्हणून कोणाला तरी विकायची, आणि पुढे घेणाऱ्याला ते सांगायचे की लपवायचे हे ठरवायचे, या विचाराने मला दोन रात्री नीट झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी ओगलेवाडीच्या बाजूला एका जुन्या मिस्त्रींचे नाव मित्राने सुचवले. पत्र्याची शेड, समोर कडुलिंब, आत डिझेलचा आणि गरम लोखंडाचा वास. वय सत्तरीच्या आसपास, डोळ्यांवर जाड भिंगे, डाव्या हाताच्या दोन बोटांची नखे कायमची काळी. त्यांनी बॉनेट उघडले नाही. आधी मला स्टुलावर बसवून प्रश्न विचारले. ताकद एकदम गेली का हळूहळू? सपाटीला बरी का तिथेही जड? थंड असताना आणि तापल्यावर फरक पडतो का? आरपीएमचा काटा वर जातो आणि वेग वाढत नाही, का दोन्ही जागेवर? धूर कसला, काळा, निळा का पांढरा? काळा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "म्हंजी डिझेल पोचतंय. हवा पोचंना."

पुढचा तासभर मी जे पाहिले ते माझ्या विषयातल्या उत्तम प्रयोगशाळेत पाहायला मिळावे असे होते. त्यांनी स्वस्त आणि सोप्या शंका आधी खोडल्या. थोडे अंतर गाडी चालवून आणली आणि चारही चाकांच्या मधोमध तळहात धरून पाहिला. ब्रेक चिकटत असता तर एखादे चाक जास्त तापले असते. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून क्लच घसरत नाही याची खात्री केली. एअर फिल्टर काढला तेव्हा त्यात धूळ होती, भुशासारख्या काड्या होत्या आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडून आणलेला कापूस होता. मला वाटले, सापडले. त्यांनी नवा फिल्टर बसवला, एक फेरी मारली आणि मान हलवली. थोडा फरक होता, पण तो नव्हता. टर्बोच्या तोंडावरचा पाइप सोडवून त्यांनी मला बोट आत घालायला लावले आणि ते लहानसे चक्र हलवून पाहायला सांगितले. थंडगार, धारदार पात्यांचे ते चक्र माझ्या बोटाने विनातक्रार फिरले, कडेला कुठे घासले नाही, दांड्याला खेळ जाणवला नाही. "ह्यो बिचारा काम करतोय," मिस्त्री म्हणाले, "ह्येला कशाला बदलायचा?"

त्या "बिचारा" शब्दाने माझ्या घशाशी काहीतरी आले.

मग त्यांनी स्वतःचा जुना स्कॅनर काढला. किल्ली फिरवून, इंजिन बंद ठेवून, हवेच्या दाबाचा आकडा दाखवला. सुमारे साडेनऊशे मिलिबार. कराडच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब साधारण तेवढाच असतो, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर खरे बोलत होता. ही पडताळणी त्यांनी माझ्यासारख्या मास्तरासाठी नव्हे, स्वतःसाठी केली होती, आणि मोजणारे साधन आधी तपासावे हे मी दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकात सांगतो. "चला, सुर्लीच्या घाटात," ते म्हणाले. "उभी हाय तवर काय बी कळायचं न्हाई. गाडीला वज्झं पडल्याबिगर ती आजार सांगत न्हाई."

विट्याच्या रस्त्याला सुर्लीचा घाट लहानसाच आहे, पण चढ सलग आहे. मी चालवत होतो, ते शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन बसले होते. तिसरा गिअर, दोन हजार फेऱ्या, आणि त्यांनी सांगितले, "दाबा. सोडू नका." मी पाय तळाला टेकवला. स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी चालत होते, इंजिनाला हवा असलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळणारा. मागणी एकवीसशेच्या वर गेली. मिळत होते साडेचौदाशे. मागणी तिथेच टिकून राहिली आणि मिळणारा आकडा चौदाशे ते पंधराशेमध्ये घुटमळत राहिला. त्यांनी एसी आणि पंखा बंद केला, काचा खाली घेतल्या. "ऐका." वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या आवाजाखाली, उजव्या बाजूला खाली, सायकलच्या ट्यूबमधून हवा निसटावी तसा फुस्स आवाज होता. मी पाय उचलला, आवाज गेला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. गेले दीड वर्ष मी काचा बंद करून, गाणी लावून, या आवाजावर बसून कराडभर फिरत होतो.

परत आल्यावर त्यांनी जे साधन काढले ते त्यांनी स्वतः बनवलेले होते. नळाच्या पीव्हीसी पाइपचे बूच, त्याला मधोमध भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह. ते बूच टर्बोच्या तोंडाशी क्लॅम्पने आवळले आणि टायरला हवा भरतात त्याच नळीने आत हवा सोडली. टायरला बत्तीस पौंड लागतात, इथे पंधराच, असे ते म्हणाले. मग स्प्रेच्या बाटलीतले साबणाचे पाणी प्रत्येक जोडावर मारत ते खाली वाकले आणि मला टॉर्च धरायला सांगितले. इंटरकूलरच्या खालच्या होजवर, क्लॅम्पच्या अगदी लगत, पोटाच्या बाजूला, जिथे वरून पाहणाऱ्याला कधीच दिसले नसते तिथे, पांढरा फेस एकदम फुलून आला. बुडबुड्यामागून बुडबुडा. लहानपणी पंक्चरवाल्याच्या घमेल्यात ट्यूब फिरताना दिसायची ती मोत्यांची माळ मला आठवली. मिस्त्रींनी हवा सोडून दिली. फेस बसला आणि चीर मिटली. त्यांनी होज काढून माझ्या हातात दिला. तो बोटांनी वाकवल्याशिवाय चीर दिसत नव्हती. वाकवला की दोन इंचांचे तोंड उघडायचे, सोडला की ओठ पुन्हा एकमेकांवर घट्ट बसायचे. आतून रबर तेलाने मऊ झाले होते आणि चिरेभोवती धूळ चिकटून काळा, ओलसर डाग पडला होता. या होजमधून थोडीशी तेलाची वाफ नेहमीच जाते, ते गैर नाही, पण वर्षानुवर्षे तेल आणि उष्णता खाऊन रबर थकते, हे त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून सांगितले.

स्कॅनरला कोड का सापडला नाही, हे मला त्यानंतर जुळवता आले. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या लगेच पुढे असतो. तिथून हवा मोजून आत जात होती, इंजिनाच्या हिशेबात ती जमा होत होती, आणि पुढे वाटेत काही चिरेतून बाहेर पडत होती. मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सुटत होते, पण तेवढी हवा पोहोचत नव्हती. म्हणून काळा धूर, म्हणून चौदाची सरासरी. आणि दाबातली तूट एवढी मोठी किंवा एवढा वेळ टिकणारी नव्हती की माझ्या रोजच्या, जपून दाबलेल्या पायाखाली समोरचा इशाऱ्याचा दिवा लागावा. त्या मुलाने पाहिले तेव्हा चीर मिटलेली होती. पीयूसीवाल्याने पाहिले तेव्हाही मिटलेली होती. ती फक्त भार पडल्यावर उघडत होती, आणि भार पडेल अशी वेळ मीच येऊ देत नव्हतो.

नवा होज अठराशे रुपयांचा होता. क्लॅम्प, फिल्टर आणि मजुरी धरून तीन हजारांच्या आत काम झाले. मी अधिक पैसे पुढे केले तर मिस्त्रींनी वरच्या नोटा परत केल्या आणि दोन गोष्टी बजावल्या. लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, मिनिटभर चालू ठेवायची, टर्बोला तेल मिळत राहू द्यायचे. आणि पाचशे किलोमीटरनंतर होजखालून बोट फिरवून पाहायचे. तेल लागले तर क्लॅम्प पुन्हा आवळायला यायचे. जुना होज मी मागून घेतला. तो आता माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे आणि मुलांना दाखवताना मी तो आधी सरळ धरतो, मग वाकवतो.

पहिल्या दिवशी गाडी मला चालवता आली नाही, हे खरे सांगायला हवे. महामार्गावर येताना मी सवयीने पाय खोल दाबला आणि ती अशी झेपावली की मी घाबरून ब्रेक लावला. मागच्याने हॉर्न वाजवला. आठवडाभर माझा पाय तिच्याशी पुन्हा ओळख करून घेत होता. एका संध्याकाळी भावाला फोन केला आणि चिरेची सगळी हकिकत सांगितली. त्याने मध्ये न बोलता ऐकून घेतले. मग विचारले, "अण्णा म्हणायचे तशी झाली का?" मी म्हणालो की अजून घाटात नेलेली नाही.

पाचशे किलोमीटर भरले त्या रविवारी सकाळी मी एकटाच निघालो. पाटण, कोयनानगर करत घाट उतरून चिपळूणपर्यंत गेलो, बाजारपेठेत एक चहा घेतला आणि परत फिरलो. पोफळीपाशी काचा खाली केल्या. चढ सुरू झाला तसा तिसरा गिअर टाकला आणि पाय अर्ध्यावरच ठेवला. दोन हजारांच्या आसपास ती बारीक शीळ आली, कितीतरी महिन्यांनी, आणि पाठ सीटला टेकली. ट्रक होता तो लांब चढ आला. रस्ता रिकामा होता, मागे टाकायला कोणी नव्हते, तरी मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहिले. धुक्यातून वर आल्यावर आरशात मागे नुसता पांढरा रस्ता होता, काळा धूर नव्हता. वळणामागून वळण गेले आणि गिअरला हात लावायची वेळ आली ती फक्त दोनदा.

हेळवाकला टपरीशेजारी गाडी उभी केली. मिनिटभर तशीच चालू ठेवली, मग बंद केली. इंजिन थोडे निवू दिले, बॉनेट उचलून दांडी लावली, बाही वर सारली आणि उजव्या बाजूने हात खाली घातला. गरम लोखंडाची धग मनगटाला लागत होती. नव्या होजचे गुळगुळीत रबर बोटांना लागले, मग क्लॅम्पची कड, मग पोटाची बाजू. तिथे मी बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले, हात बाहेर काढला आणि खिशातल्या पांढऱ्या रुमालावर बोट घासले.

रुमालावर थोडी धूळ उमटली. तेल नव्हते. मी त्याचा फोटो काढून मस्कतला पाठवला.